रुळांवर थांबलेली मोटर

चुडामण मूळचा देवपूरचा. स्वातंत्र्याच्या आगेमागे तो जळगाव–पहूर रस्त्यावर इंदरचंदशेठच्या मोटरीवर ड्रायव्हर होता. पेट्रोल तेव्हा परमिटवर मिळायचं. शेठ ते कुलपात ठेवी आणि फेरीपुरतं मोजून देई. टाकीचा काटा कधीच मेला होता, म्हणून चुडामण वेताची काठी टाकीत बुडवून बघायचा.

त्या सकाळी उतारू मोटरीत बसल्यावर त्याने काठी बुडवली, ती जेमतेम ओली झाली.

"शेठ, इतक्या पेट्रोलवर मोटर पहूर गाठणार नाही."

"उतारावर इंजिन बंद कर. आजवर पोचलासच ना?" शेठ म्हणाला. "नसेल जायचं तर झिपरू बसलाय."

काम मिळेल म्हणून रोज येणारा ड्रायव्हर झिपरू खरोखरच ओट्यावर बसला होता. चुडामण निघाला. वाटभर तो स्वतःवरच चिडत होता, कारण प्रत्येक उतारावर त्याचा हात आपोआप इंजिन बंद करत होता.

पहूरच्या अलीकडे छोट्या रेल्वेचे रूळ रस्ता ओलांडतात. तिथे फाटक नव्हतं. पुढची चाकं रुळांपलीकडे गेली, इंजिन दोनदा खोकलं आणि मोटर थांबली. हँडल मारून पाहिलं, उपयोग नव्हता. तेवढ्यात जामनेरच्या बाजूने शिट्टी ऐकू आली.

"बठ्ठा खाले उतरा," चुडामण ओरडला. "गाडी येई राहिनी."

माणसं दारातून, खिडक्यांतून उतरली. ताईबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईला त्याने स्वतः उचलून खाली ठेवलं. मग सगळे मागून ढकलू लागले. मोटर हलली, पण मागची बाजू रुळांवरून पुरती निघाली नाही. आगगाडीने ब्रेक लावले होते, तरी धक्का बसायचा तो बसलाच. मोटरीचा मागचा कोपरा चेपला आणि ढकलणाऱ्यांतल्या तोताराम नावाच्या उतारूचा पाय मोटरीच्या चाकाखाली आला. तो पुढे जन्मभर लंगडला.

खटला चुडामणवर झाला. रुळांवर वाहन उभं करून लोकांचे जीव धोक्यात घातले, असा आरोप होता.

"मी उभी केली नाही साहेब, पेट्रोल संपलं," तो म्हणाला.

"टाकी बघणं कोणाचं काम?" न्यायाधीशांनी विचारलं.

शेठने सांगितलं, ड्रायव्हर माझ्याशी काही बोललाच नाही. तेव्हा ताईबाई आपणहून साक्षीला उभी राहिली. "खोटं शे ते. यानी शेठले सांगेल व्हतं, पेट्रोल पुरणार नही. मी कानवरी ऐकं."

चुडामणला हायसं वाटलं. न्यायाधीशांनी मात्र त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुला माहीत होतं. मग निघालास का?"

ओट्यावर बसलेला झिपरू त्याला आठवला. पण ते कोर्टात कसं सांगायचं, हे त्याला सुचलं नाही. त्याला दंड झाला, वर्षभरासाठी लायसन गेलं. शेठला कोर्टाने चार शब्द सुनावले, बस्स.

ते वर्ष त्याने जळगावच्या जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलत काढलं. ताईबाई एकदा तिथल्याच मेहरूण भागात त्याच्या घरी आली. "मी बोलनू आन तुनंच वाईट करं," ती म्हणाली.

"तुम्ही खरंच बोलल्या, अक्का," एवढंच तो म्हणाला. तिच्यावर रागावताही येत नव्हतं, याचाच त्याला जास्त त्रास झाला.

पुढे धुळ्याला त्याला दुसऱ्या मालकाची मोटर मिळाली. टाकी अर्धी भरल्याशिवाय तो जागचा हलत नसे. उतारू खोळंबत, त्याला शिव्या देत आणि उतरून दुसऱ्या मोटरीत जाऊन बसत. वर्षभरात दोन मालकांनी त्याला काढलं. तिसऱ्याने ठेवलं, तेही कुरकुरतच.