राणीचं रुपेरी नाणं आणि नॉर्मन थ्वेट

दुसऱ्याचं नाणं नॉर्मन थ्वेटच्या हातात पडलं की बघता बघता म्हातारं होई. भिंग लावून तो उसासा टाके आणि म्हणे, "गाल झिजलाय, कडेला पोचा आहे. फाइन." नाणेवाल्यांच्या भाषेत 'फाइन' म्हणजे चांगलंच झिजलेलं. त्याचं स्वतःचं नाणं मात्र कालच टांकसाळीतून निघालेलं असे.

ग्रिम्सबीच्या आमच्या नाणेमंडळात त्याचा शब्द शेवटचा. लिलावाच्या थाळीवर मालकाचं नाव नसे, नुसता आकडा. नॉर्मन दर्जा सांगे आणि त्यावरून मी पहिली बोली पुकारी. नाटकातून निवृत्त झालेल्या माझ्या आवाजाला तेवढंच काम उरलं होतं.

त्याच्याकडे तरुण व्हिक्टोरिया राणीचं क्राऊन नावाचं चांदीचं मोठं नाणं होतं, १८४५ सालचं. ते कुणी पाहिलं नव्हतं, कौतुक सगळ्यांनी ऐकलं होतं. ते विकून बायकोला, एडनाला, टोरांटोला मुलीकडे न्यायचं, असं तो सहा वर्षं सांगत होता. नाण्याच्या तोलाचं गिऱ्हाईक तेवढं मिळत नव्हतं. तिकडे नातू शाळेत जायला लागला.

मार्चच्या लिलावात सतरा नंबरची थाळी आली आणि नॉर्मनचं भिंग हवेतच थांबलं. त्याचंच क्राऊन. मागच्या रांगेत एडना शांतपणे विणत होती.

खरा दर्जा सांगावा, तर नाणं हातचं जाणार. त्यानं घसा खाकरला. "गाल झिजलाय. फाइन."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी साठ पौंड पुकारले. एकच हात वर झाला, नॉर्मनचा.

"शंभर," एडना म्हणाली.

"अगं, तुला नाण्यातलं काय कळतं?"

"काही नाही रे. मिळालं तर उद्या लंडनच्या दुकानात दाखवीन म्हणते."

"दीडशे," नॉर्मन म्हणाला. हे माझंच आहे, असं म्हणायची सोय त्यानं स्वतःच घालवली होती. माझ्या वहीत सतरा नंबरपुढे एडनाचं नाव होतं, आणि विकणाऱ्यानं बोली लावू नये, असा मंडळाचा नियम आहे. तो त्या दिवशी मला काही केल्या आठवेना.

नऊशेवर एडनानं विणकाम पिशवीत ठेवलं. मी हातोडा मारला. नॉर्मननं केवळ नाण्यांसाठी जपलेल्या शिलकीतून चेक फाडला.

"दोघांचं टोरांटोचं भाडं निघालं," एडना म्हणाली. "येणारेस, की राणीशी गप्पा मारत बसणारेस?"

नॉर्मननं नाणं खिशात घातलं. मग म्हणाला, "माझा पासपोर्ट कुठे ठेवलायस?"