कणगीच्या तळाशी

माकणीच्या बायका जात्यावर बसल्या की माहेरच्या गोष्टी निघत. महानंदाची पाळी आली की ती येरमाळ्याच्या जत्रेची गोष्ट सांगे. चैत्री पुनवेला येडाईची पालखी कशी निघते, माणसं वाकून वाकून रानातले चुनखडीचे खडे कशी वेचतात, गर्दीत आईचा पदर सुटलेली लेकरं कशी रडतात. सांगायची अगदी डोळ्यांपुढे उभं राहील असं. जाऊबाई म्हणत, "लई जत्रा केलीस बाई लहानपणी!" महानंदा नुसती हसे. त्या जत्रेला ती कधीच गेली नव्हती. तिला नेलं नव्हतं, आणि नेलं नाही म्हणून पुढचं सगळं झालं होतं. ते पुढचं मात्र तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिचं माहेर सास्तूर. तिथं तिचे वडील महालिंगप्पा यांचं किराण्याचं दुकान होतं, दुकानाच्या पाठीमागे घर. शाळेत मास्तर उर्दूतून पहाडे घोकून घेत, गल्लीत मराठी, आणि घरात आल्यावर निम्मं कानडी. त्यातलं बरंचसं कानडी होतं ते रेवणप्पांमुळे. रेवणप्पा वडिलांचे चुलतभाऊ, आळंदकडचे. बायको गेली, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून दुकानात तराजू धरायला येऊन राहिले ते इथलेच झाले. महानंदाला ते 'मगळे' म्हणत, म्हणजे 'लेकी'. "बा, मगळे, इकडं बा," म्हणजे 'इकडे ये', अशी हाक आली की हातावर खडीसाखर पडायची हे ठरलेलं.

महानंदा नऊ वर्षांची होती त्या साली रेवणप्पांनी तिला कबूल केलं होतं, "येरमाळ्याला नेतो तुला. गाडीत पुढं बसवतो." तिनं वर्षभर पुनवा मोजल्या. गाडी जुंपायच्या दिवशी अप्पा, म्हणजे वडील, म्हणाले, "पोरीच्या जातीला कशाला उन्हातान्हात?" आणि रेवणप्पा मान खाली घालून एकटेच गाडीत बसले. त्या घरात ते भाकरीचे धनी, शब्दाचे नव्हे, हे नऊ वर्षांच्या पोरीला कसं कळावं? तिला एवढंच कळलं की काका खोटं बोलले. ते परत आले तेव्हा उपरण्याच्या गाठीत तिच्यासाठी रेवड्या होत्या. तिनं त्या अंगणात भिरकावल्या. कोंबड्यांनी टिपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवणप्पा पूजेला बसले होते. लिंगायताच्या गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं होत नाही. पूजेपुरतं डाव्या तळहातावर घ्यायचं आणि परत चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधायचं. हरवलं तर दुसरं मिळेपर्यंत तोंडात अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. महानंदाला हे ठाऊक होतं. पण त्या वयात ठाऊक असणं म्हणजे पहाड्यांसारखं पाठ असणं.

बाहेर बैलानं दावं तोडलं आणि एकच आरडाओरडा झाला. रेवणप्पांनी लिंग डबीत घातलं, डबी पाटावर ठेवली आणि धावले. आयुष्यात पहिल्यांदाच खाली ठेवली. महानंदा दाराआडून बघत होती. तिनं आपल्या परकराच्या काठाची लाल चिंधी फाडून डबीभोवती गुंडाळली आणि माजघरातल्या मोठ्या कणगीवर चढली. नवी ज्वारी गळ्यापर्यंत भरलेली होती. तिनं हात कोपरापर्यंत खुपसला आणि डबी आत सोडून दिली. थोडा वेळ शोधू दे, मग आपणच काढून देऊ, असं तिच्या मनात होतं. 'पुन्हा खोटं बोलाल?' असंही विचारायचं होतं.

पण दुपारी गौराबाई आली. गौराबाई मागच्या गल्लीतली. निवडणं, सारवणं, लिंपणं अशी कामं ती चार घरी करायची. तिनं ज्वारीवर लिंबाचा पाला पसरला, वर भुसा दाबला आणि शेणमातीनं कणगीचं तोंड लिंपून टाकलं. महानंदा शेजारी उभी होती. "काय बघतीस गं टकाटका?" गौराबाई म्हणाली, "तुझ्या लग्नाची ज्वारी हाय ही. बोट लावशील तर बघ." आणि तिच्या गालाला शेणाचं बोट लावून हसली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ओल्या लिंपणात हात घातला असता तर चार धपाट्यांत निभावलं असतं.

संध्याकाळपर्यंत घर उलथंपालथं झालं. रेवणप्पा भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "माझंच चुकलं. हातावरचं खाली ठेवलं." नवं लिंग देणाऱ्या जंगमाला आणायला अप्पांनी गाडी धाडली, तो परगावी लग्नाला गेलेला. चैत्राचं ऊन, पत्रा तापून कडकड वाजायचा. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. रेवणप्पांचे ओठ ज्वारीच्या तडकलेल्या लाहीसारखे झाले. महानंदा तांब्या घेऊन जवळ गेली तर त्यांनी मान हलवली आणि डोळ्यांनीच 'ठेव' म्हणाले. ती पळून गोठ्यात जाऊन बसली. आता सांगावं तर काका इतके वाळलेले, अप्पा इतके तापलेले. जितका उशीर होत गेला तितकी जीभ जड होत गेली.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी चांदीचं नाव काढलं. डबी चांदीची होती. घरात बाहेरचं कोण आलं होतं? गौराबाई. अप्पांनी तिला दुकानासमोर उभं केलं. "मालक, लेकराच्या गळ्याची आन," ती म्हणत होती, "म्या देवाला हात लावीन व्हय?" बायांनी तिचं लुगडं झाडून घेतलं, भर गल्लीत. आत भिंतीला टेकलेल्या रेवणप्पांनी घशातून कसाबसा आवाज काढला, "गौरा न्हाय घेणार," पण तो उंबऱ्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. काही सापडलं नाही. तरी अप्पा म्हणाले, "ठाण्यातल्या अमीनसाहेबाच्या हवाली करीत न्हाय हे उपकार समज. पुन्हा या गल्लीत दिसू नकोस."

महानंदा दुकानातल्या गुळाच्या ढेपेमागे उभी होती. तिला सगळं दिसत होतं.

त्याच सांजेला जंगम आला, नवं लिंग दिलं, रेवणप्पांनी पाणी घेतलं. महानंदाला वाटलं, सुटले. खरंच तसं वाटलं, लपाछपीत राज्य न आल्यासारखं.

कणगीतलं धान्य वरून भरतात आणि काढतात खालच्या भोकातून. त्यामुळे वरचं सगळ्यात शेवटी येतं. मार्गशीर्षात एके सकाळी रेवणप्पांनी भोकाचा बोळा काढला, पायली खाली धरली, आणि उरलीसुरली ज्वारी, वाळका पाला असं घरंगळत आलं. त्यात लाल चिंधी आली. महानंदा सूप घेऊन समोर बसली होती. रेवणप्पांनी चिंधी उलगडली नाही. बोटांनीच डबी चाचपली. मग चिंधीकडे बघितलं, तिच्या परकराच्या फाटक्या काठाकडे बघितलं. मूठ मिटली, कोपरीच्या खिशात गेली.

"सूप नीट धर, मगळे," ते म्हणाले. "दाणं सांडायलेत."

बस्स, एवढंच. ना तेव्हा काही बोलले, ना पुढं कधी. त्यानंतर दर बाजारच्या दिवशी ते आपल्या वाट्याच्या भाकरीच्या पिठातून एक शेर घेऊन मागच्या गल्लीत जात. अव्वा, म्हणजे महानंदाची आई शिवम्मा, कपाळाला हात लावे. "चोरटीला पोसतंय बघा येडं माणूस!"

महानंदाचं लग्न होऊन ती माकणीला गेली. लहानपणची बाकीची लबाडी वयाबरोबर गोड होत गेली. चोरून खाल्लेली चिंच, मोडलेली बाहुली, सगळ्याचं हसू यायचं. ही एकच आठवण उलटी वाढली. रझाकारांच्या धामधुमीत ती सासरच्यांबरोबर गाव सोडून बार्शीकडं निघाली तेव्हा एक अख्खा दिवस ओढ्याच्या कोरड्या पात्रात दडून बसावं लागलं. विहिरीवर जायची सोय नव्हती. मांडीवर तान्ही लेक, गौरवर्णी, तिच्याही गळ्यात जंगमानं बांधलेलं इवलंसं लिंग. दुपार कलली तशी महानंदाची जीभ टाळ्याला चिकटली. एकच दिवस होता तो. तीन नव्हते. ती पदर तोंडात कोंबून रडली. नवऱ्याला वाटलं, घाबरली.

पुढच्या वर्षी सास्तूरहून निरोप आला, रेवणप्पा गेले.

ती पोचली तेव्हा त्यांना भिंतीशी बसवलं होतं, कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर लिंग. बसवूनच माती देतात. बायकांत अव्वा सांगत होती, "लई सोसलं या माणसानं. त्या गौरीनं डबी चोरली तवा तीन दिवस पाण्यावाचून बसला हुता." दहा वर्षं झाली होती, आणि वाक्य अजून ताजं होतं, आत्ताच घडल्यासारखं. महानंदाच्या ध्यानात आलं, खरं काय ते जाणणारं दुसरं माणूस आता मातीत चाललं होतं. आपण बोललो नाही तर गौराबाई मेल्यावरसुद्धा चोरटीच राहील.

माती देऊन माणसं परतली. महानंदा लेकीला कडेवर घेऊन मागच्या गल्लीत गेली. गौराबाई दारात गोवऱ्या थापत होती. केस पिकले होते. तिनं ओळखलं, पण उठली नाही.

"गौरामावशी, काकांची डबी मी लपवली होती. कणगीत."

गौराबाईचा हात गोवरीवरच राहिला. "म्हंजी म्याच लिंपली म्हन की."

"व्हय."

"अन् तू जवळ हुबी व्हतीस."

"व्हय."

"रेवणप्पास्नी ठावं व्हतं?"

महानंदानं होकारार्थी मान डोलावली. गौराबाईनं हातातलं शेण पाटीत टाकलं. "पीठ आणायचं ते माणूस. म्या इचारलं एकदा, कशापायी आणता? तर म्हणलं, घे. आता उमगलं." मग ती म्हणाली, "माझ्या सोनीची सोयरीक मोडली त्या साली. चोरटीची लेक म्हणून."

"मावशी, मी पाया पडते."

"पडू नगंस. हे माझ्या कानात कशाला सांगतीस, अक्का? म्या चोरलं न्हाय हे मला ठावंच व्हतं. ज्यास्नी ठावं न्हाय त्यास्नी सांग."

महानंदा वळली. गल्ली तीच, तेवढीच लांब. पण गुळाच्या ढेपेमागे आता मावता येत नव्हतं. दुकानासमोर अप्पा, भाऊबंद, गल्लीतली माणसं टेकली होती, बायका उंबऱ्यापाशी. पाठीमागून गौराबाई आली आणि जिथं तिचं लुगडं झाडलं होतं नेमकी तिथं येऊन उभी राहिली, कोपरापर्यंत शेणाचे हात तसेच.

"अप्पा," महानंदा म्हणाली, "काकांची डबी गौरामावशीनं नव्हती घेतली. मी..." कुणी ऐकलं, कुणी नाही. अप्पांनी मान वर केली. अव्वा दबक्या आवाजात म्हणाली, "गप गं, आजच्या दिवशी कसलं काढलंस?"

"मागं ऐकू न्हाय आलं," गौराबाई म्हणाली.

महानंदानं लेकीला खाली ठेवलं. तोंडाला कोरड पडली होती. कुणीतरी तांब्या पुढं केला, तिनं घेतला नाही. ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पहिल्यापासून सांगू लागली. ज्या जत्रेला ती कधी गेलीच नव्हती, त्या जत्रेपासून.