विसाव्यापर्यंत

माझा दम सोयाबीननं खाल्ला. मालेगावच्या आसपासच्या गावांत मी बरीच वर्षं मळणीयंत्र फिरवलं. दिवसभर भुशाच्या धुरळ्यात उभं राहायचं आणि संध्याकाळी मातकट खाकरायचं, हा आम्हाला कामाचाच भाग वाटे. तोंडाला फडकं बांधणाऱ्याला आम्ही नवरी म्हणून चिडवायचो. पुढे डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, फुप्फुसं आता पहिल्यासारखी होणार नाहीत. श्वासाचा पंप ओढा, रोज चाला, घरात बसून राहू नका.

पंप ओढणं सोपं होतं. चालणं अवघड, कारण चालताना लोक बघतात. गावात खोकणाऱ्या माणसाला एकच रोग असतो. "टीबी त नाही ना तुमाले?" असं तोंडावर विचारणारे परवडले, न विचारता चहाचा कप वेगळा ठेवणारे जास्त लागले. लग्नाच्या पंगती मी सोडल्या, कारण पोटभर जेवलो की श्वासाला जागा उरत नाही. भजनात माझा आवाज वरचा असायचा, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हळूहळू मी ओट्यावरचा माणूस झालो. येणारे-जाणारे नुसता हात करायचे आणि पुढे जायचे.

एका माणसानं मात्र मला ओट्यावर टिकू दिलं नाही. माझ्या बायकोनं. संध्याकाळ झाली की ती माझी चप्पल पायापुढे आणून ठेवायची. मारुतीच्या पारापर्यंत जायचं, परत यायचं. मला धाप लागली की तीच थांबायची आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणायची, "थांबा ना जी जरा, माहे गुडघे दुखून राह्यले." बाया तिला तेल सुचवायच्या, मलम सुचवायच्या. ती सगळं नीट ऐकून घ्यायची, तोवर माझा श्वास जागेवर यायचा. गुडघे तिचे ठणठणीत होते. दिवसभर वावरात बसून निंदण करायची. मी इतकी वर्षं काढली याचं श्रेय डॉक्टर पंपाला देतात. मी देत नाही.

मी आधी जाणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीही. माझ्यामागं तिनं कसं राहायचं, ते मी तिला समजावून सांगायचो आणि ती मान खाली घालून भाकरी थापत राहायची. मग एका सकाळी चहा ठेवता ठेवता तीच कोसळली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपली. देवाला काही कळत नाही, असं मी त्या दिवशी ओरडलो. तेवढ्या ओरडण्यानंही मला धाप लागली.

तिरडी उचलताना पुतण्या म्हणाला, "काकाजी, तुमी गाडीवर बसा."

"मले चालत जाचं हाये," मी म्हणालो. "तिच्यासंगं."

मुलगा मडकं धरून पुढे निघाला. आमच्याकडची स्मशानाची वाट चढाची आहे. अर्ध्या वाटेवर विसाव्याचा दगड आहे. तिथं तिरडी घटकाभर खाली ठेवतात आणि खांदे बदलतात. तिथवर तरी तिला गाठायचं, एवढंच माझ्या मनात होतं. मी पोचलो तेव्हा दगडापाशी नुसते मुरमुरे सांडलेले होते. मंडळी कधीच पुढे गेली होती. त्यांचं तरी काय चुकलं? खांद्यावर ओझं असलेली माणसं कुणासाठी थांबणार? मी तिथंच खाली बसलो आणि रडायला लागलो, पण रडायलाही दम लागतो. शेवटी पुतण्यानं मागून येऊन मला गाडीवर घातलं.

मुलानं अग्नी दिला आणि वारा फिरला. धूर सरळ माझ्या अंगावर आला. मला तिच्याकडे बघत उभं राहायचं होतं, छाती ऐकेना. पुतण्यानं मला धरून लांब लिंबाखाली नेलं, धुराकडे पाठ करून बसवलं आणि पंप तोंडाला लावला. मी ओढला. तिकडे माझी बायको जळत होती, आणि मी तिच्याकडे पाठ फिरवून श्वास वाचवत होतो. कुणासाठी, ते सांगायला आता कोणी नव्हतं.