फुजैरातला पालथा कप

पोस्टिंगचा मेसेज आला तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. बर्फातल्या बेसवर सगळे ज्या उन्हासाठी देव पाण्यात घालून बसले होते, ते मला न मागता मिळालं होतं. फुजैरा. शारजातल्या अल मजाजच्या आमच्या फ्लॅटपासून गाडीने दीड तास. जग फिरायला म्हणून वर्दी घातली आणि वर्दीने मला आईच्या स्वयंपाकघरापाशी आणून सोडलं.

मी मूळची चिपळूणची, दहाव्या वर्षापासून शारजात वाढलेली. शिकायला एस्टोनियातल्या टालिनला गेले आणि पुढे नॉर्डबाल्ट युनियनचं नागरिकत्व घेतलं. बाल्टिक समुद्राभोवतीच्या लहान देशांनी एकत्र येऊन केलेलं हे युनियन. तिथे मुलगा असो की मुलगी, वर्षभराची लष्करी सेवा कोणालाच चुकत नाही. मी ती केली, वर आणखी दोन वर्षं वाढवून घेतली. कॉर्पोरल झाले, ट्रेड रेडिओ ऑपरेटर. बाबांच्या मित्रांना आजही हे खरं वाटत नाही. एकाने तर विचारलं होतं, "म्हणजे सिक्युरिटी कंपनीत का?"

फुजैराच्या किनाऱ्यासमोर जहाजं तेल भरायला नांगर टाकून उभी राहतात. आमच्या युनियनच्या जहाजांवर लक्ष ठेवायला तिथे एक लहान तुकडी होती. दोन बोटी, वीस-बावीस माणसं आणि बंदराच्या कुंपणाबाहेर भाड्याने घेतलेला एक व्हिला. खाली मेस, वर ऑप्स रूम, म्हणजे रेडिओ आणि नकाशांची खोली.

भारतीय फौजेच्या गोष्टी ऐकून वाढलेल्यांना ही फौज फौज वाटणार नाही. तिथे "सर" नाही. कमांडरला सगळे एरिक म्हणतात. कोणी ओरडत नाही. "नाही" असेल तर स्पष्ट बोलून सांगतात, "हो" असेल तर गप्प राहतात. सुरुवातीला मी प्रत्येक निरोप दोनदा द्यायचे. आमची पेटी ऑफिसर सिग्ने एकदा म्हणाली, "केतकी, मी ऐकलंय. गप्प आहे ना मी?"

आणि तिथे माणसं मोजत नाहीत. हजेरी घेणं म्हणजे संशय घेणं, असं ते मानतात. "मेंढ्या मोजतात," सिग्ने म्हणायची. मोजण्याऐवजी मेसमध्ये एक लाकडी शेल्फ होतं. प्रत्येकाचा आपला इनॅमलचा कप, तळावर नाव. समुद्रावर जाताना आपला कप पालथा घालायचा, म्हणजे नाव वर दिसतं. परत आलं की आपल्याच हाताने तो सुलटा करायचा. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. मासेमारीच्या गावांतून आलेली ही रीत, आणि तिचा त्यांना फार अभिमान. वॉचवरच्या माणसाने शेल्फकडे बघायचं. एकही कप पालथा नसेल तर सगळे घरी पोचले.

मला ती रीत तेव्हा आवडायची. आता राग येतो.

यानिस माझ्याच वयाचा होता. लाटव्हियाच्या किनाऱ्यावरच्या एका खेड्यातला, बोट नंबर दोनवरचा डेकहँड, म्हणजे खलाशी. एका सुट्टीला त्याला घरी जेवायला नेलं. दारात न सांगता बूट काढले, तिथेच आईने त्याला पास केलं. त्यांच्याकडे आग्रह नसतो. एकदा विचारतात, नाही म्हटलं की संपलं. आईने त्याचं "नो" मनावरच घेतलं नाही, आणि ताटात टाकायचं नाही म्हणून त्याने पाचव्या पोळीपर्यंत मुकाट्याने खाल्लं. परतताना गाडीत म्हणाला, "तुझी आई ऑर्डर देते."

बाबांना त्याचं नाव उच्चारायचा कंटाळा. त्यांनी त्याचा जनार्दन केला. माझी धाकटी बहीण वैतागली, "बाबा, दॅट्स नॉट हिज नेम." यानिस हसला. चहा पिऊन झाल्यावर त्याने स्टीलचा पेला उलटा करून बघितला. तळाशी माझ्या आजीचं नाव घातलेलं होतं. "हे कोणी लिहिलं?" त्याने विचारलं. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर आमच्याकडे नाव घालतात, मी सांगितलं. त्या अक्षरांवरून त्याने बराच वेळ अंगठा फिरवला.

तो रविवार होता. सकाळपासून वारा होता, दुपारी धूळ आणि ओलसर धुकं एकत्र आलं आणि समोरची जहाजं दिसेनाशी झाली. चारच्या सुमाराला रेडिओवर हिंदीतून हाक आली. एक बंकर बार्ज, म्हणजे जहाजांना तेल पुरवणारी नौका, एका बाजूला कलत होती. आत पाणी शिरलं होतं. तटरक्षकांना यायला वेळ होता आणि आम्ही सर्वांत जवळ होतो. एरिकने दोन्ही बोटी सोडल्या. खाली शेल्फवर नऊ कप पालथे झाले.

मी रेडिओवर होते. बार्जवरचा माणूस घाबरला होता.

"मॅडम, पानी इंजिन रूम में आ गया."

"सब लोग ऊपर आओ. लाइफजॅकेट पहनो. हमारी बोट आ रही है."

"कितना टाइम?"

"दस मिनट, भैया."

"इन्शाल्ला," तो म्हणाला.

बोटी पोचल्या. लाटांमुळे बार्जला नीट लागता येईना. यानिस आणि आणखी एक जण डेकवर चढले आणि माणसांना खाली उतरवू लागले. जागा मिळेल तसं कोणी या बोटीत, कोणी त्या बोटीत. धुक्यात दोन्ही बोटी एकमेकींना दिसत नव्हत्या.

"बेस, वन. ऑल अबोर्ड."

"बेस, टू. ऑल अबोर्ड."

मी दोन्ही लिहून घेतलं. बोट एकवरच्यांना वाटलं, यानिस त्याच्या बोटीत उतरला. बोट दोनवरच्यांना वाटलं, तो पहिलीत गेला. कोणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

बोटी धक्क्याला लागल्या. भिजलेल्या, कुडकुडणाऱ्या माणसांना उतरवण्यात सगळे गुंतले. थोड्या वेळाने वॉचवरची सिग्ने ब्लँकेट घ्यायला व्हिलात धावली. मेसच्या दारातूनच तिने घाईत फक्त शेल्फकडे बघितलं आणि वर मला कळवलं, "पालथा कप नाही." मी एरिकला सांगितलं. त्याने बोटी बांधायला लावल्या. मी हेडसेट काढला आणि खुर्चीत मागे टेकले. इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

खाली आई आली होती, हे मला माहीतच नव्हतं.

रविवारी कोणाच्याही घरचं माणूस आलं की मेसचं टेबल त्याचं, ही युनियनची दुसरी रीत. बाबांनी तिला सोडलं आणि ते पेट्रोल भरायला गेले. तिच्याकडे नारळाच्या वड्यांचा डबा आणि मोठा थर्मास होता. पोरं वादळात गेलीत, एवढं तिला गेटवर कळलं. शेल्फवर कप पालथे दिसले. आपल्याकडे कप धुतला की पालथाच घालतात. बोटींचा आवाज आल्यावर तिने ते सगळे टेबलावर मांडले, सुलटे केले आणि आल्याचा चहा ओतला.

मी खाली आले तेव्हा मुलं आत येत होती. प्रत्येक जण आपला कप शोधून उचलत होता. आई प्रत्येकाला वडी देत होती.

"अगं, आलीस का? बस. किती भिजलीत ही पोरं."

मग टेबलावर एकच कप उरला. चहावर साय धरली होती.

"हा कोणाचा राहिला?" आईने विचारलं.

मी कप उचलून वर धरला आणि तळ बघितला. यानिसचं नाव होतं. सिग्नेने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ती धावतच बाहेर पडली.

पाऊण तास गेला होता. बोट पोचली तेव्हा बार्ज उलटली होती. यानिस बाजूलाच पाण्यात सापडला. लाइफजॅकेट अंगावर होतं, डोक्याला मार लागला होता. अंधार पडायच्या आत त्याला आणलं. मी डॉक्टरला एकच विचारलं, लवकर गेलो असतो तर वाचला असता का. डॉक्टर आमच्याच युनियनचा होता. तो गप्प राहिला.

त्यानंतर एरिक मेसमध्ये आला. त्याने तो कप घेतला, गार झालेला चहा सिंकमध्ये ओतला, कप पुसला आणि शेल्फवर पालथा ठेवला. आई थर्मास पोटाशी धरून कोपऱ्यात उभी होती. बाबा आले, ती निघून गेली.

चौकशी झाली. सिग्नेने स्वतःला शेल्फवर जे दिसलं तेवढंच सांगितलं. निष्कर्ष निघाला की माणसं मोजली गेली नाहीत, आणि रीत म्हणजे मोजणी नव्हे. त्या दिवसापासून आमच्याकडे नावं पुकारून हजेरी सुरू झाली. आईचं नाव कुठेही आलं नाही. एरिक मला म्हणाला, "तिने चहा केला. त्यात चूक काय?" त्याचं खरं होतं. तरी कित्येक महिने मला आल्याचा वास सहन होत नव्हता.

घरी मी एवढंच सांगितलं की बार्जवरच्या अपघातात यानिस गेला. आईने पुढे विचारलं नाही. कपांचं तिला काही कळलं नाही असं मी धरून चालले, आणि ते कळू नये म्हणून जपत राहिले. बाबांनी जनार्दनचं नाव काढलं की मी विषय बदलायचे. मुदत संपल्यावर वर्दी उतरवली आणि दुबई मरीनामधल्या एका ऑफिसात लागले. यानिसचा कप तुकडीने त्याच्या आईकडे पाठवला.

यंदा आई-बाबा चिपळूणला जाऊन आले. मी भेटायला अल मजाजला गेले. जेवणं झाल्यावर भांडी विसळून मांडणीवर लावत होते. वरच्या फळीवर कोपऱ्यात स्टीलचा एक पेला पालथा होता, आजीच्या नावाच्या पेल्यांशेजारी. कोरडा ठणठणीत. मी सुलटा करायला हात वर केला.

"त्याला हात लावू नकोस," आई म्हणाली.

मी टाचा उंचावून बघितलं. तळावर नवीन नाव घातलं होतं. चिपळूणच्या भांड्यांच्या दुकानात घालतात तसं, ठिपक्याठिपक्यांनी. जनार्दन नव्हतं. तिने नीट विचारून घेतलं असणार, बहुतेक बहिणीला. यानिस.

"आई, तुला कपांचं तेव्हापासूनच माहीत होतं?"

तिने गॅस बारीक केला, ओटा पुसायला घेतला आणि ती गप्प राहिली.