दोन काळे स्क्रू

दत्तूदादा धनुर्वातानं गेला, हा निरोप मला मिठागरावर मिळाला. लेथवरचा पोलादाचा कीस तळहातात घुसला होता. त्यानं तो चिमट्यानं उपटला, चिंधी गुंडाळली आणि पुन्हा कामाला लागला. माणूस तसाच होता. त्याला स्वतःच्या हाडामांसाची किंमत नव्हती, आणि रागाच्या भरात दुसऱ्याच्याही नाही. हे मी सांगू शकतो, कारण माझी मांडी त्यानंच मोडली.

दादा माझा चुलतभाऊ, कल्याणच्या एका कारखान्यात टर्नर. स्वातंत्र्याला तीनेक वर्षं झाली असतील, ठाण्याच्या खाडीकाठी आमच्या बांधावरून वाद पेटला. मी त्याच्या मेलेल्या बापाला चोर म्हणालो... त्यानं पहार उचलली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, मग ते कातडी फाडून बाहेर आलेलं पाहिलं. दुसऱ्या क्षणी पहार फेकून तोच मला खांद्यावर घेऊन धावत होता आणि रस्ताभर शिव्या घालत होता.

कल्याणच्या डॉक्टरांकडे मोडलेलं हाड जोडायची परदेशी पोलादी पट्टी होती, सहा भोकांची. स्क्रू मात्र चारच. त्यांनी दादाला नमुन्याचा स्क्रू आणि त्याच पोलादाची कांडी दिली. "याचेच दोन कातून आण." दादानं कांडीवर कानस मारून पाहिली. त्याला ती मऊ वाटली. आपल्या भावाच्या पायात असलं भिकार लोखंड? त्यानं कारखान्यातलं सगळ्यात कडक, हत्यारांचं पोलाद घेतलं आणि जीव ओतून दोन स्क्रू कातले. टर्नरच करील अशी चूक! बोलला मात्र कुणाला नाही.

चौथ्या महिन्यात मांडी सुजली, पू वाहू लागला. पाय कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणू लागले. पुन्हा फाडलं, तर चार स्क्रू लखलखीत, दोन काळेठिक्कर आणि भोवतीचं मांस सडलेलं. डॉक्टरांनी ते दोन दादाच्या तोंडावर फेकले. "अरे, शरीरात खारं पाणी असतं! दोन जातींची पोलादं त्यात नांदत नाहीत." मिठागरावर जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागलं! दादानं फरशीवर कपाळ आपटलं, रक्त येईपर्यंत. "माजा पाय कापा, डागतर!" मग टाकून दिलेली ती मऊ कांडी हुडकून त्यानं नवे स्क्रू कातले. पाय वाचला. आमचं बोलणं मात्र खुंटलं ते कायमचं. त्याला माफी मागता आली नाही, मला देता आली नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. वहिनीनं हत्यारांच्या पेटीतून एक डबी काढली. आत ते दोन स्क्रू, वर्षानुवर्षांच्या कुंकवानं माखलेले.

"खंडेनवमीला हत्यारांच्या आधी या दोघांची पूजा करायचे," ती म्हणाली. "आनि रडायचे."

मी ते मागितले. माझ्याच पायातले होते ना!

तिनं डबी पदराखाली घेतली. "नाय देनार, भावजी. तुमच्या पायान चार महिने होते. यांच्या छातीन सात वरसं."

मी उठलो आणि घरी आलो, चालत. मी लंगडत नाही... एवढं तरी त्याला एकदा सांगायला हवं होतं.