धुण्याचा दगड

गावी विहिरीपाशी उभ्या दगडावर आजही ताजं जास्वंद होतं. ते पाहिलं की अकरावीला इतिहास घेणाऱ्या त्या हट्टी मुलीचे, म्हणजे माझेच, आभार मानावेसे वाटतात.

तेव्हा हा दगड आडवा होता. आई त्यावर धुणं आपटत म्हणाली होती, "मेलेल्या माणसांचं शिकून काय मिळणार गं तुला?"

पुढे बाईंनी वर्गात वीरगळाचं, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचं, चित्र दाखवलं. तशीच नक्षी आमच्या दगडाच्या कडेला होती. आई आणि मी, दोघींनी पहार लावून तो उलटला. खालच्या अंगाला गाई कोरलेल्या होत्या आणि त्यांच्यासाठी लढताना पडलेला एक माणूस.

आई ओले हात पदराला पुसत म्हणाली, "इतकी वर्षं पालथा पडला होता गं बिचारा."

तेव्हापासून फूल तीच वाहते.