हेस्टरच्या विलोत रूबेनच्या कालवडी

हेस्टर स्टकीला विकमूरमध्ये कुणी कधी प्रेमळ म्हटलं नाही, आणि तिनेही ती अपेक्षा ठेवली नाही. बाई हाडापेराने दांडगी, आणि जीभ अशी की समोरच्याने दोन पावलं मागेच सरकावं. पण विलोचं, म्हणजे टोपल्या विणायच्या लवचिक फोकांचं, रान राखावं तर तिनेच. इंग्लंडातल्या सॉमरसेटच्या दलदलीत, दोन चरांच्या मधे, बापाने मागे ठेवलेली चार एकर जमीन होती. बापाच्या वेळेस त्यात निम्मा विलो आणि निम्मं तण. तिने सगळं खणून काढलं, हातभर लांबीच्या कांड्या तोडल्या, एकेक कांडी चिखलात खोचली आणि पुढची तीन वर्षं ओणव्याने खुरपत राहिली. तीन वर्षं फुटकी कवडी नाही. गाव म्हणालं, नवरा मिळाला नाही म्हणून हिने विलोशी संसार थाटला. थाटलाच होता. गावाचं काय जात होतं?

चौथ्या वर्षी फोक तिच्या डोक्याच्या वर चार हात गेले, सरळसोट, एकालाही फाटा नाही. तेव्हापासून एकोणीस वर्षं तिचा क्रम ठरलेला. पानं गळली की कोयता घेऊन जमिनीलगत कापणी, मोळ्या बांधून अंगणात, मोठ्या कढईत दिवसभर उकडायच्या, आणि मग लोखंडी चिमट्यातून ओढून साल काढायची. प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या आणि आजूबाजूच्या कित्येकांनी विलो मोडून गवत केलं. हिचा माल मात्र ब्रिस्टलचा एक कारागीर दरवर्षी सगळाच्या सगळा उचलायचा. आकाशात जाणाऱ्या फुग्यांच्या टोपल्या विणायचा तो. त्याला उंच आणि निर्दोष फोकच लागायचे. त्या चार एकरांवर हेस्टर कुणाच्याही मिंधेपणाशिवाय जगत होती, आणि हे ती लोकांना विसरू देत नव्हती.

आता कालवडींचं. विलोला वसंतात कोवळे कोंब येतात आणि एप्रिलमधलं हिव ते जाळून टाकतं. मग जळके-हिरवे सगळे एका उंचीचे व्हावेत म्हणून रानात गुरं सोडायची. तीन आठवडे त्यांनी कोंब खायचे, तण खायचं, आणि मे उजाडला की बाहेर. त्यापुढे एक दिवस जास्त राहिली तर खुंटाचा जीव जातो, असं सगळे म्हणायचे. हेस्टरच्या रानात शेजारच्या रूबेन मीडच्या कालवडी यायच्या. ना लेखी, ना पैसा. मात्र एक रीत होती: गुरं कधी काढायची ते विलोवाल्याने स्वतः जाऊन सांगायचं. त्याने सांगितल्याशिवाय गुरांवाल्याने दुसऱ्याच्या विलोचं फाटक उघडायचं नाही. दर मेमध्ये हेस्टर रूबेनच्या दारात जाऊन "काढ आता" एवढंच म्हणायची आणि परत फिरायची. आभारबिभार नाही.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी चरावरची ओली फळी तिच्या पायाखालून निसटली आणि नडगी दोन ठिकाणी मोडली. टॉन्टनच्या इस्पितळात पाय वर टांगून तिला सात आठवडे ठेवलं. कालवडी रानातच होत्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात रूबेनची बायको मेव्हिस सफरचंदाचा केक घेऊन भेटायला आली. बिचारी तास दीड तास बसली. कोंबड्यांना दाणे घालते म्हणाली, मांजराचं बघते म्हणाली. आणि उठताना, हातातली पिशवी उगाच सारखी करत, तिने विचारलं, "रूबेनला काही सांगायचंय का गं?"

शब्द हेस्टरच्या ओठावर होते. पण तिच्या मनाने वेगळंच घेतलं. हा माणूस पन्नास वर्षं विलोत वाढलाय, मेमध्ये गुरं काढायची हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला निरोप धाडायचा म्हणजे तुला अक्कल नाही असंच म्हणायचं. आणि तेही खाटेवर पडून, पाय टांगलेला असताना, मेहरबानी मागितल्यासारखं? छे.

"काही नाही," ती म्हणाली. "त्याचं त्याला कळतंय."

जूनच्या मध्यावर ती कुबड्यांवर घरी आली आणि तशीच फाटकापाशी गेली. रानात विलो नव्हता. कुरतडलेले, तुडवलेले काळे खुंट होते, मधे गवत माजलं होतं, आणि कालवडी निवांत रवंथ करत बसल्या होत्या. रूबेन तिला बघून आला. तो पळाला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"तुला माहीत होतं," हेस्टर म्हणाली.

"होतं," तो म्हणाला. "रोज फाटकावरून जायचो. म्हटलं, आज निरोप येईल. मेव्हिसला मुद्दाम पाठवली. ती येऊन म्हणाली, हेस्टर काही नाही म्हणाली. म्हटलं, बरं. मागच्या साली चर्चच्या जेवणात सगळ्यांपुढे मला म्हणालीस ना, रूबेनला विलोतलं ओ की ठो कळत नाही? मग ज्याला कळत नाही त्याने फाटक कशाला उघडायचं?"

हेस्टरला संताप आला, आणि संतापाहून वाईट म्हणजे लाज वाटली. त्याला शिव्या घालाव्यात तर रीत त्याच्या बाजूने. रडावं तर त्याच्यासमोर? तिने कुबडी बगलेत दाबली आणि हात पुढे केला. म्हणाली, गवतच झालंय तर गवतच राहू दे, रान तूच घे खंडाने. खुंट मी लावलेत, मार्चपर्यंत मीच उपटून देईन. रूबेन गडबडला. घाई करू नकोस, हेस्टर, म्हणाला. तिने हात मागे घेतला नाही. अखेर त्याने हातात हात दिला, आणि त्या मुलखात हात दिला की कागद लागत नाही.

जानेवारीत ती लंगडत कुदळ घेऊन रानात उतरली. रूबेन ट्रॅक्टर देत होता, तो तिने नाकारला. तिसराच खुंट फोडला तर आत सालीखाली हिरवं, मूळ पांढरंशुभ्र. वाटलं, हा एखादा वाचला असेल. मग पुढचा फोडला, त्याच्या पुढचा. दहातले आठ जिवंत होते. जमिनीलगत छाटून एक वर्ष नुसतं फाटक बंद ठेवलं असतं, तरी रान परत उभं राहिलं असतं. जिला अंगठ्याच्या नखाने साल खरवडून विलोची नाडी कळायची, त्या बाईने जूनमध्ये एकाही खुंटाला नख लावलं नव्हतं.

रूबेनचं घर तिथून शंभर पावलांवर. चुकले, हात मागे घेते, एवढं जाऊन म्हणायचं होतं. मेव्हिस आजही शपथेवर सांगते, त्याने त्याच दिवशी रान परत दिलं असतं.

तो एकदा स्वतःच आला. उपटलेल्या खुंटांच्या ढिगापाशी थांबला, एक उचलला, पांढऱ्या मुळांवरची माती बोटाने झाडली आणि कितीतरी वेळ बघत राहिला. विलोतलं त्यालाही कळत होतंच.

"हेस्टर," तो म्हणाला, "काही सांगायचंय का?"

"नाही," ती म्हणाली.

त्याने हातातला खुंट ढिगावर परत ठेवला आणि तो घरी गेला. हेस्टरने कुदळ उचलली. मार्चच्या पंचविसाव्या तारखेला तिने त्याला चारही एकर साफ करून दिले, एक खुंट मागे न ठेवता.